विंडोज न पुसता लिनक्सवर यायचंय? मग या क्रमाने या

गेल्या दिवाळीत नौपाड्याला काकांकडे फराळाला गेले होते. चकलीची ताटली पुढे आली आणि तिच्यामागोमाग लॅपटॉपही आला. "हे बघ गं, उघडला की रोज सांगतो, सपोर्ट संपला. दुकानात नेला तर म्हणाला, नवा घ्या. चांगला चालतोय, तो टाकून द्यायचा का?"

लॅपटॉप २०१६ चा. सहाव्या पिढीचा आय५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि जुनी फिरती हार्ड डिस्क. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नोंदणी केली तर घरगुती वापरासाठी सुरक्षेचे अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, पण ती फक्त मुदतवाढ झाली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीपासूनचा असावा लागतो. म्हणजे काकांचा धडधाकट लॅपटॉप दारातच अडला.

काका सत्तरीचे, सोसायटीचे सचिव. एमएससीआयटीच्या वर्गात जे शिकले त्यावर आजवर सगळं निभावलेलं. मी त्यांना लिनक्स सुचवलं, म्हणजे विंडोजऐवजी संगणक चालवणारी दुसरी सिस्टीम. लिनक्स म्हटल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, "माझी कागदपत्रं गेली तर?" ही भीती मी हसण्यावारी नेली नाही, कारण माझी खरंच गेली होती. सहा वर्षांपूर्वी मी घाईघाईत लिनक्स बसवलं, पडद्यावरचा एक पर्याय न वाचता पुढे गेले आणि सी ड्राइव्हबरोबर डी ड्राइव्हही पुसला गेला. आजीच्या शेवटच्या तीन वर्षांचे फोटो त्यात होते. ते परत मिळाले नाहीत.

म्हणून खालचा क्रम असा लावलाय की प्रत्येक पायरीवरून मागे फिरता येईल. काकांचा लॅपटॉप आणि नेरूळच्या माझ्या मामेबहिणीचा लॅपटॉप, दोन्ही याच क्रमाने बदलले.

१. आधी आठवडाभर वही ठेवा

लिनक्स जमेल का, हे तुमच्या रोजच्या कामांवरून ठरतं. सात दिवस लॅपटॉपवर जे जे कराल ते एका ओळीत लिहा. "महावितरणचं बिल भरलं." "नातवाशी व्हिडिओ कॉल." "सभेची नोटीस टाईप करून प्रिंट मारली."

आता प्रत्येक ओळीपुढे लिहा की हे काम ब्राउझरमध्ये होतं की वेगळा प्रोग्राम लागतो. बँक, रेल्वेचं तिकीट, मालमत्ता कर, सातबारा, आयकराचं ऑनलाइन विवरणपत्र, यूट्यूब, मेल हे सगळं ब्राउझरमध्ये चालतं. फायरफॉक्स आणि क्रोम दोन्ही लिनक्सवर आहेत, त्यामुळे ही कामं जशीच्या तशी होतात. काकांच्या वहीत एकवीस ओळी झाल्या, त्यांतल्या सोळा ब्राउझरच्या होत्या. ते बघूनच त्यांची निम्मी धास्ती गेली.

मात्र वहीत पुढचं काही आलं तर थांबा आणि विचार करा:

- टॅली. ते विंडोजसाठीच बनलेलं आहे. लिनक्सवर खटपटी करून चालवणारे आहेत, पण रोजचा हिशेब खटपटीवर ठेवू नये.
- ऑटोकॅड आणि फोटोशॉप.
- मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञा, असलेल्या एक्सेल फाइल. आयकराची एक्सेलमधली ऑफलाइन युटिलिटी त्यातच येते.
- डिजिटल सिग्नेचरचं यूएसबी टोकन. काहींचे लिनक्स ड्रायव्हर (उपकरण चालवणारे छोटे प्रोग्राम) मिळतात, पण सरकारी पोर्टलवर ऐन मुदतीच्या दिवशी प्रयोग करायची ही जागा नव्हे.
- व्हॅलोरंटसारखे फसवणूक रोखणारी कडक यंत्रणा असलेले ऑनलाइन गेम.

यांतलं एक जरी रोजचं असलं तरी विंडोज काढू नका, शेजारी ठेवा. मामेबहीण सीएकडे आर्टिकलशिप करते, टॅलीशिवाय तिचं पान हलत नाही. तिच्या लॅपटॉपवर दोन्ही आहेत.

२. विंडोजवर असतानाच प्रोग्राम बदला

ही पायरी लोक गाळतात आणि मग पहिल्याच आठवड्यात कंटाळून परत जातात. एकाच दिवशी घर, शेजार आणि भाजीवाला सगळंच बदललं तर कुणीही गोंधळेल. म्हणून आहे त्याच विंडोजवर फायरफॉक्स, लिब्रे ऑफिस (वर्ड-एक्सेलच्या जागी) आणि व्हीएलसी (व्हिडिओसाठी) टाका आणि निदान तीन आठवडे तेच वापरा. तिन्ही फुकट आहेत आणि तिन्ही लिनक्सवर तसेच दिसतात. पुढे खालची सिस्टीम बदलली तरी हाताखालचं ओळखीचं राहतं.

लिब्रे ऑफिसमध्ये वर्डच्या फाइल उघडतात, पण तक्ते आणि मांडणी कधीकधी सरकते. ज्या फाइल नेहमी लागतात त्या आत्ताच उघडून बघा. मांडणी फारच बिघडत असेल तर ओन्लीऑफिस वापरून पाहा. वर्ड आणि एक्सेलच्या फाइल त्यात जास्त जशाच्या तशा दिसतात. तेही लिनक्सवर मिळतं.

व्हॉट्सॲपचं लिनक्ससाठी अधिकृत ॲप नाही. ब्राउझरमधलं व्हॉट्सॲप वेब वापरायची सवय आत्तापासून करा.

३. मराठीचा बंदोबस्त

माझ्या मते मराठी माणसाची खरी अडचण इथे असते आणि इंग्रजीतल्या कुठल्याही मार्गदर्शकात ती सापडत नाही.

काकांकडे सोसायटीची पंधरा वर्षांची पत्रं होती, बहुतेक श्रीलिपीत. श्रीलिपी, कृतिदेव या जुन्या पद्धतीत फाइलमध्ये मराठी अक्षर नसतंच. आत इंग्रजी अक्षरं असतात आणि फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरीचे तुकडे दाखवतो. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की अगम्य इंग्रजी दिसतं. याला उपाय दोन. जी पत्रं फक्त जपायची आहेत त्यांची विंडोजवर असतानाच पीडीएफ करून ठेवा. ज्यांचा मजकूर पुन्हा वापरायचा आहे (थकबाकीची नोटीस, सभेची विषयपत्रिका) तो युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठीच दिसेल अशा पद्धतीत, बदलून घ्या. बदलून देणारी साधनं ऑनलाइन मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार हमखास चुकतात, म्हणून वाचून दुरुस्त करा. आम्हाला दोन रविवार लागले. एकूण कामात सर्वांत जास्त वेळ इथेच गेला आणि तो द्यायलाच हवा.

दुसरं, मंगल फॉन्ट. तो मायक्रोसॉफ्टचा आहे, लिनक्सबरोबर येत नाही. मंगलमधली एक पानाची नोटीस लिनक्सवर दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडते आणि शेवटच्या दोन ओळी पुढच्या पानावर जातात. नोटो सान्स देवनागरी किंवा मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा मुक्त हे दोन्ही फॉन्ट मोफत आहेत. विंडोजवर आणि लिनक्सवर एकच फॉन्ट ठेवला की हा त्रास मिटतो. सभासदांना पाठवायचं ते पीडीएफच पाठवा.

तिसरं टायपिंग. इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांचा प्रमाण कीबोर्ड, येत असेल तर काहीच शिकावं लागत नाही, लिनक्सच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठीचा लेआउट आहे. तुम्ही 'namaskar' टाईप करून 'नमस्कार' उमटवणारे असाल, म्हणजे उच्चाराप्रमाणे लिहिणारे, तर लिनक्सवर आयबस हा टायपिंगचा प्रोग्राम आणि त्याच्यासोबतचं एम१७एन हे पॅकेज टाकायचं, एकदा लॉग आउट करून परत यायचं आणि आयबसच्या सेटिंगमध्ये मराठी जोडायचं. गूगलच्या साधनासारखे शब्द ते सुचवत नाही, अक्षर नेमकं लिहावं लागतं. काकांना हात बसायला दोन आठवडे लागले.

४. सामान गोळा करा

- ८ जीबी किंवा मोठा पेनड्राइव्ह. त्यातलं सगळं पुसलं जाणार आहे.
- बॅकअपसाठी बाहेरची हार्ड डिस्क.
- फोन आणि त्याची यूएसबी केबल. वायफाय चाललं नाही तर हीच वाचवते.
- वायफायचा, मेलचा आणि बँकेचा पासवर्ड कागदावर. ब्राउझरने लक्षात ठेवलेले पासवर्ड तुम्हाला आठवत नसतात.
- मायक्रोसॉफ्ट खात्याचा मेल आणि पासवर्ड.
- प्रिंटरचा नेमका मॉडेल क्रमांक.

प्रिंटरबद्दल आधीच तपासा. एचपीचे बरेचसे प्रिंटर लिनक्सवर लगेच चालतात, वायफायवरचे अलीकडचे प्रिंटरही सहसा ड्रायव्हरशिवाय सापडतात. घरोघरी आणि झेरॉक्सच्या दुकानात दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० मात्र कॅप्ट नावाच्या वेगळ्या पद्धतीने बोलतो आणि लिनक्सवर त्याला चालवणं नवख्याचं काम नाही. तो असेल तर जाणकार सोबत असल्याशिवाय त्यावर विसंबू नका.

दिवसही निवडा. आमच्याकडे देखभालीसाठी वीज जाते ती बहुतेक शुक्रवारीच, म्हणून शुक्रवार नको. सोसायटीचं काम बघणाऱ्यांनी ऑगस्ट-सप्टेंबर टाळावा, कारण ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायची असते. विवरणपत्र भरणाऱ्यांनी जुलै टाळावा.

५. बॅकअप घ्या आणि दोन कुलपं काढा

बॅकअप म्हणजे डी ड्राइव्हवर कॉपी नव्हे. ती त्याच डिस्कवर असते. बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा, ती काढून दुसऱ्या संगणकाला लावा आणि दहा-बारा फाइल उघडून बघा. डेस्कटॉप आणि डाउनलोड हे फोल्डर विसरू नका, निम्म्या लोकांचा संसार तिथेच असतो.

पहिलं कुलूप बिटलॉकर. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली, म्हणजे कीशिवाय वाचता न येणारी, असते आणि मालकाला पत्ताच नसतो. मामेबहिणीच्या लॅपटॉपवर आम्ही बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक बदल केला आणि पुढच्या वेळी निळा पडदा आला, ४८ अंकी रिकव्हरी की मागणारा. ती तिच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली सापडली, तोवरची वीस मिनिटं जीव टांगणीला होता. म्हणून आधीच सेटिंगमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' किंवा 'बिटलॉकर' शोधा, की कागदावर उतरवा आणि मग ते बंद करा. बंद व्हायला तास-दोन तास लागू शकतात. तोवर चार्जर लावून ठेवा.

दुसरं कुलूप फास्ट स्टार्टअप. हे चालू असलं की शट डाउन करूनही विंडोज अर्धवट झोपलेलं असतं आणि लिनक्समधून त्याच्या डिस्कवर लिहिता येत नाही. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्समधून ते बंद करा.

६. पेनड्राइव्ह बनवा आणि बसवण्याआधी चालवून बघा

लिनक्सचे प्रकार शेकड्यांनी आहेत. त्यांची तुलना वाचत महिनाभर घालवू नका. विंडोजवरून येणाऱ्याला मी लिनक्स मिंटची सिनॅमन आवृत्ती सांगते. खाली डावीकडे मेनू, उजवीकडे घड्याळ, सगळं ओळखीच्या जागी. मिंट २२ मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. रॅम ४ जीबी असेल तर एक्सएफसीई आवृत्ती घ्या, ती हलकी आहे.

फाइल साधारण ३ जीबीची, मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवा. मग विंडोजवर रूफस हा छोटा प्रोग्राम उघडा, पेनड्राइव्ह निवडा, ती फाइल निवडा, स्टार्ट दाबा. बाहेरची बॅकअपची डिस्क तेव्हा जोडलेली नको, चुकून तीच निवडली जाऊ नये म्हणून.

आता रीस्टार्ट करून बूट मेनू, म्हणजे संगणक कशावरून सुरू करायचा ती यादी, उघडायचा. एचपीवर एस्केप आणि मग एफ९, डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ१२, असूसच्या लॅपटॉपवर एस्केप. यादीत पेनड्राइव्ह दोनदा दिसला तर 'यूईएफआय' लिहिलेला निवडा. फार जुन्या लॅपटॉपवर विंडोज लेगसी, म्हणजे जुन्या, पद्धतीने बसवलेलं असेल तर दुसरा. विंडोजमधल्या 'सिस्टीम इन्फर्मेशन'मध्ये 'बायोस मोड' ही ओळ असते, तीत नेमकं काय ते कळतं.

पेनड्राइव्हवरून मिंट सुरू होईल. अजून काहीही बसलेलं नाही आणि तुमच्या डिस्कला हात लागलेला नाही. एक अख्खी संध्याकाळ इथेच घालवा. वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, कॅमेरा, टचपॅड, ब्राइटनेसची बटणं, प्रिंटर, झाकण मिटून उघडल्यावर जाग येते का, हे सगळं तपासा. पेनड्राइव्हवरून सगळं सावकाश चालतं, त्यावरून वेगाचा अंदाज बांधू नका.

वायफाय दिसत नसेल तर फोन केबलने जोडा आणि फोनवर यूएसबी टेदरिंग चालू करा. नेट लगेच येतं. मग 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडला की वायफायचा ड्रायव्हर बहुतेक वेळा तोच सुचवतो.

७. बसवायचे दोन मार्ग

पहिला, सगळ्यात निर्धास्त: नवी एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) घ्या, जुनी डिस्क काढून बाजूला ठेवा आणि नव्या डिस्कवर लिनक्स बसवा. जुन्या डिस्कमधलं विंडोज जसंच्या तसं राहतं. नाही आवडलं तर डिस्क परत लावली की संपलं. काकांसाठी आम्ही हेच केलं. जुनी डिस्क यूएसबी केसिंगमध्ये घातली, त्यामुळे फाइलही हाताशी राहिल्या. फिरती डिस्क जाऊन एसएसडी आल्याने लॅपटॉपचा वेगही इतका वाढला की काकांना ते श्रेय लिनक्सचं वाटलं. खरं श्रेय जास्त करून डिस्कचं आहे, आणि ते मी त्यांना सांगितलं. या मार्गात लॅपटॉपमध्ये एकच, रिकामी डिस्क असते, म्हणून 'इरेज डिस्क' हा पर्याय इथे, आणि फक्त इथेच, बिनधास्त निवडा.

दुसरा, एकाच डिस्कवर दोन्ही, म्हणजे ड्युअल बूट. आधी विंडोजमधल्या 'डिस्क मॅनेजमेंट'मधून सी ड्राइव्ह लहान करून निदान ६० जीबी जागा मोकळी करा आणि ती तशीच रिकामी सोडा. मग पेनड्राइव्हवरून मिंट सुरू करून डेस्कटॉपवरचं 'इन्स्टॉल' उघडा. गाणी-व्हिडिओ चालायला लागणाऱ्या मल्टिमीडिया कोडेकवर खूण करा. पुढे महत्त्वाचा पडदा येतो: 'इन्स्टॉल अलाँगसाइड' म्हणजे विंडोजशेजारी, 'इरेज डिस्क' म्हणजे सगळं पुसून. माझे फोटो ज्या पर्यायाने गेले तो दुसरा. 'अलाँगसाइड' दिसतच नसेल तर पुढे जाऊ नका, बाहेर या. बिटलॉकर बंद झालेलं नसेल किंवा पेनड्राइव्ह चुकीच्या मोडमध्ये सुरू झाला असेल. डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये स्टोरेज 'रेड' किंवा 'आरएसटी' मोडवर असण्याची शक्यता आहे; तो बदलण्याआधी जाणकाराला विचारा, नाहीतर विंडोज सुरू होणार नाही.

शेवटी 'बदल डिस्कवर लिहू का' असं विचारणारी यादी येते. तिचा फोनने फोटो काढा आणि ओळ न ओळ वाचा. तोपर्यंत काहीही झालेलं नसतं.

८. पहिल्या दिवशी एवढंच करा

सुरुवातीला उघडणाऱ्या स्वागताच्या खिडकीत 'फर्स्ट स्टेप्स' आहे. आधी टाइमशिफ्ट चालू करा. ते सिस्टीमच्या अवस्थेच्या प्रती ठेवतं आणि काही बिघडलं तर कालच्या दिवसावर नेऊन सोडतं. तुमच्या फाइलचा बॅकअप ते घेत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो. मग अपडेट मॅनेजर आणि ड्रायव्हर मॅनेजर चालवा. 'वेब ॲप्स' नावाच्या साधनातून व्हॉट्सॲप वेबचं चिन्ह मेनूत आणा. काकांना ते वेगळं ॲप वाटतं आणि तसंच वाटू दिलं.

नवे प्रोग्राम 'सॉफ्टवेअर मॅनेजर'मधूनच घ्या. फोनच्या प्ले स्टोअरसारखंच ते आहे. संकेतस्थळावरून फाइल उतरवून डबल क्लिक करायची विंडोजची सवय इथे सोडायची. इंटरनेटवर सापडलेली आज्ञा न समजता टर्मिनलमध्ये (आज्ञा टाईप करायच्या खिडकीत) चिकटवू नका, तिची गरज रोजच्या वापरात पडतच नाही.

ड्युअल बूट असेल तर विंडोजमध्ये गेल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसेल. बिघाड नाही. लिनक्स आतल्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं, विंडोज ती स्थानिक समजतं आणि आपल्यात नेमकं साडेपाच तासांचं अंतर आहे. विंडोजच्या वेळेच्या सेटिंगमध्ये 'सिंक नाउ' दाबा.

९. पहिला महिना

तिसऱ्या-चौथ्या दिवशी काहीतरी अडेल आणि परत विंडोजमध्ये जावंसं वाटेल. जा. काम करून या. फक्त का गेलात ते वहीत लिहा. मामेबहिणीच्या यादीत पहिल्या आठवड्यात नऊ कारणं होती, चौथ्या आठवड्यात टॅली तेवढं उरलं.

शिकायला मराठीतून साधन हवं असेल तर पवईच्या आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल हा प्रकल्प बघा. लिनक्स आणि लिब्रे ऑफिसचे मराठी आवाजातले छोटे धडे तिथे मोफत आहेत. काकांना मी एक धडा लावून दिला आणि शेजारी बसले. पुढचे त्यांनी एकट्याने केले.

तुम्ही दुसऱ्या कुणासाठी हे करत असाल तर पहिला महिना त्यांच्या फोनला उत्तर द्यायची तयारी ठेवा. एनीडेस्क लिनक्सवर चालतं, घरबसल्या त्यांचा पडदा बघता येतो. आणि माउस त्यांच्या हातातून घेऊ नका.

ड्युअल बूटमधलं विंडोज काढायची घाई नको, एक अख्खं आर्थिक वर्ष जाऊ द्या. जुनी डिस्क कपाटात ठेवली असेल तर तिच्यावर तारीख आणि 'जुनं विंडोज, पुसू नये' अशी चिठ्ठी चिकटवा आणि दर तीन महिन्यांनी एकदा जोडून फाइल उघडतात का ते बघा.